कुलपाच्या तोंडी कुंकू

विद्येची कवाडे उघडणाऱ्या श्रीगजाननाला आणि कारागिराच्या हत्यारांत वास करणाऱ्या विश्वकर्म्याला वंदन करून, घट बसण्याच्या आदल्या सायंकाळी, दीपावलीच्या या अंकासाठी लेखणी हाती घेतो आहे. संपादकांनी आग्रहाने सांगितले आहे की सणाला शोभेल असे लिहा, गिऱ्हाइकांच्या गमती सांगा. गमती सांगेन. परंतु हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल, आणि माझ्या रागाचे कारण लातूरच्या गल्लोगल्ली पुन्हा एकदा घडून गेलेले असेल. तेव्हा राग वगळून लिहिणे मला साधणार नाही.

मी स्वभावाने रागीट नाही. त्रिकाळ संध्या करणाऱ्या माणसाला रागावण्यास फारशी सवडही नसते. माझे अध्ययन नांदेडला, गोदाकाठच्या पाठशाळेत झाले. व्याकरण आणि याज्ञिकी हे माझे विषय. वडिलांची इच्छा होती की मी पौरोहित्य करावे. परंतु पाठशाळेतील पोथ्यांच्या कपाटाचे कुलूप एकदा अडले आणि ते उघडण्यासाठी याकूबमियाँ नावाचे वृद्ध कारागीर आले. त्यांनी डोळे मिटले, कुलपाला कान लावला, एक बारीक तार आत सरकवली आणि स्वरांचे आरोह-अवरोह ऐकावेत तसे ते ऐकत राहिले. कुलूप उघडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. वडील बरेच दिवस बोलले नाहीत. मग एके दिवशी एवढेच म्हणाले, की कुलूप उघडणे हीही सेवाच आहे, फक्त बोलावल्याशिवाय कोणाचे उघडू नकोस.

याकूबमियाँनी मला आयुष्यभर पुरेल असे एकच सूत्र दिले. "ताले को मारना नै बेटा, पूछना." पुढे लातूरला बार्शी रस्त्यावर मी स्वतःचे दुकान थाटले, तेव्हा तेच सूत्र घेऊन आलो. घरगुती कुलपांपासून सुरुवात केली आणि गाड्या वाढल्या तसा गाड्यांच्या कुलपांकडे वळलो. शेंडी, भस्म आणि हाती पेट्रोलची चिंधी अशा मूर्तीला काय म्हणावे हे लोकांना कळेना, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणू लागले.

ज्यांना या विद्येचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपण गाडीला चावी लावतो तिथे धातूची एक लहान नळी असते. आम्ही तिला बॅरल म्हणतो. तिच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चावीचे दात त्या पट्ट्यांना आपापल्या उंचीवर आणून ठेवतात. सगळ्या एका रेषेत आल्या की नळी फिरते. नळीच्या मागच्या शेपटीने दोन कामे होतात. एक, विजेचा स्विच फिरतो आणि गाडी सुरू होते. दुसरे, स्टेअरिंगच्या दांड्यात शिरलेला लोखंडी अडसर मागे ओढला जातो. पहिले काम सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्याची आठवण कोणाला राहत नाही, आणि माणसे मरतात ती या दुसऱ्यापायी.

पट्ट्या झिजल्या की बॅरल कोणत्याही चावीला वश होते. अर्धापूरचे मारोतराव केळीचे मोठे व्यापारी. त्यांचा पांढरा पिकअप नखे कापायच्या यंत्राच्या कानशीनेही सुरू होत असे आणि याचा त्यांना कोण अभिमान. मी बॅरल बदलण्याचे सुचवले तेव्हा म्हणाले, "असू द्या हो गुरुजी, आमची गाडी लई मायाळू हाय, कोणाला न्हाई म्हणत न्हाई." पुढे नांदेडच्या बाजारात एका सज्जनाने, आपलाच पिकअप समजून, आपल्याच चावीने तो सुरू केला आणि मारोतरावांची केळी विष्णुपुरीपर्यंत नेऊन पोचवली. तिथे केळी पाहून तोच बिचारा घाबरला, कारण त्याच्या गाडीत खताची पोती होती. त्यानंतर मारोतरावांनी बॅरल बदलून घेतले खरे, पण महिन्याभराने तक्रार घेऊन आले, की आता घरातल्या दुसऱ्या कोणाला चावी मागितल्याशिवाय गाडी नेता येत नाही. मी त्यांना चहा पाजून परत पाठवले. अशा गिऱ्हाइकावर रागावता येत नाही.

राग येतो तो खंडेनवमीच्या आणि दसऱ्याच्या पूजेचा. मी स्वतः पूजा सांगणारा माणूस आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे मानतो. आपल्याकडे गाडी धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु कुणाच्या तरी मनात कधीतरी आले, की चावीचे छिद्र हे गाडीचे मुख. मग त्या मुखाला हळद लागली, कुंकू लागले, अक्षता आत गेल्या, नारळाचे पाणी गेले. पुढे हौस वाढली आणि पेढ्याचा कण बोटाने आत सारून गाडीला घास भरवण्याची रीत पडली. त्या घासामागून मुंग्या जातात. कुंकू आणि साखर यांचा पट्ट्यांमध्ये चिखल होतो. चावी अडली की घरातील कोणीतरी करडईचे तेल ओततो, आणि तो चिखल लेप होऊन बसतो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्या दुकानापुढे गाड्यांची रांग लागे, आणि प्रत्येक बॅरलमधून लाल तेल गळत असे.

मी देवळात सांगून पाहिले. पूजा सांगणाऱ्या माझ्याहून तरुण अशा एका पुरोहिताने हसून उत्तर दिले, की गुरुजी, भाव महत्त्वाचा. भाव महत्त्वाचा असेलच. परंतु आपण मूर्तीला गंध लावतो ते कपाळी. भाव अनावर झाला म्हणून मूर्तीच्या डोळ्यांत बोटे घालत नाही. नैवेद्य पुढे ठेवतो, देवाच्या घशात कोंबत नाही. उपचारांना स्थान असते, आणि ते स्थान चुकवले तर ती पूजा नव्हे, तो उपद्रव आहे. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वर्षी तेच केले.

आता ज्या प्रसंगाने माझ्या रागाला कायमचे घर मिळाले तो सांगतो. काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. माझ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. खाली वाकायचे नाही, बारीक काम करायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. दुकान बंद होते आणि मी दुकानामागच्या घराच्या ओसरीवर काळा चष्मा लावून बसलो होतो. एक जुनी लहान पांढरी गाडी येऊन थांबली. चालवणारी बाई चाळिशीची, नऊवारी नव्हे पण डोईवर पदर घेतलेली. तिचे नाव महानंदा. जळकोटजवळच्या गावातील, घरची शेती असलेले कुटुंब. सोबत तिचा धाकटा दीर बालाजी. महानंदाबाईंचे यजमान माधवराव यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना लातूरला रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. एक खेप चुकली तरी अंगाला सूज येते आणि श्वास लागतो. त्या कुटुंबात गाडी चालवणाऱ्या एकट्या त्याच. बालाजीला ट्रॅक्टर येत होता. रस्त्यावरची गाडी येते असे त्याचे स्वतःचे मत होते. माधवरावांना दवाखान्यात सोडून त्या माझ्याकडे आल्या होत्या. तिथल्या पहारेकऱ्याने माझा पत्ता सांगितला होता.

"गुरुजी, स्टेअरिंग मधीच कटकन वाजतंय," त्या म्हणाल्या. "एका वळणावर अडलं आन मग सुटलं. मला लई भ्या वाटून राहिलं."

"काई न्हाई हो," बालाजी मागून म्हणाला. "वैनी उगं घाबरून राहिल्या. मीच डायरेक्ट केली गाडी. जळकोटापसून इथवर आलीच की."

मी त्याला खुर्ची दिली आणि काय झाले ते क्रमाने विचारले. आदल्या दिवशी त्याने गाडीची यथासांग पूजा केली होती. चावीच्या छिद्रात कुंकू भरले, पेढ्याचा घास दिला. पहाटे निघायच्या वेळी चावी फिरेना, म्हणून तेल ओतले. तरी फिरेना, म्हणून पकड लावून जोर केला, आणि चावी आतच तुटली. मग त्याने मोबाइलवर कुठलीशी चित्रफीत पाहिली, बॅरलमध्ये मोठा स्क्रू पिळला आणि हातोडीने ठोकून बॅरल मुळासकट उपटून काढले. मोकळ्या भगदाडात स्क्रू ड्रायव्हर घालून स्विच फिरवला. गाडी सुरू झाली.

मी विचारले, की बॅरल नसताना अडसर कशाने मागे राहिला.

"काडीनं," तो म्हणाला. "अडसर येतो त्या खाचंत काडेपेटीतली काडी ठोकून दिली. काम भागलं."

हे त्याने ऐटीत सांगितले. वाचकहो, बॅरल गेल्यावर अडसराला धरून ठेवणारे काही उरत नाही. मागून स्प्रिंग त्याला सतत पुढे ढकलत असते. वेगात असलेल्या गाडीत तो अडसर पूर्ण पुढे आला की स्टेअरिंग जागच्या जागी गोठते. समोर वळण असो, ऊस भरलेला ट्रक असो, की पुलाचा कठडा असो. त्या सकाळी अडसर एकदा पुढे आला होता आणि त्यांच्या पूर्वपुण्याईने पुन्हा सुटला होता.

मी आयुष्यात गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी शेजारचे लोक बाहेर आले इतका चढवला. "अरे, तुझा सख्खा भाऊ त्या गाडीत होता. तुझी वहिनी चालवत होती. तू स्वतः मागे बसला होतास. तीन जीव काडीवर टांगलेस आणि वर मला सांगतोस की गाडी आलीच की?"

बालाजीचा चेहरा उतरला, परंतु तो गप्प बसला नाही. "मग काय करायचं होतं गुरुजी? दादाला टायमावर न्यायचं होतं."

मी म्हणालो, गावात दुसऱ्या गाड्या नव्हत्या काय? त्याने मान खाली घातली. "सणासुदीचं कोणापुढं हात पसरायचा?" तो म्हणाला.

या उत्तराने माझा राग शांत व्हायला हवा होता, कारण त्याचे भावावर प्रेम होते हे उघड दिसत होते. माझा राग उलट भडकला. सणाच्या दिवशी शेजाऱ्याकडे गाडी मागण्यात कमीपणा वाटतो, आणि भावाचा प्राण काडीच्या हवाली करण्यात वाटत नाही. आमच्या मराठवाड्यात डायरेक्ट हा शब्द लोक किती कौतुकाने उच्चारतात. वीज डायरेक्ट, मोटार डायरेक्ट, गाडी डायरेक्ट. ज्या वस्तूने रक्षण करायचे तिलाच मधून काढून टाकायचे आणि त्याला हुशारी म्हणायचे. या हुशारीने विझलेली घरे मी पाहिली आहेत.

आता प्रश्न होता तो माधवरावांच्या परतीचा. दवाखान्यातील काम चार-साडेचार तासांचे. गाडीच्या कंपनीच्या दुकानात फोन केला तर त्यांनी गाडी आठवडाभर ठेवून जायला सांगितले, आणि आणखी एका दिवसाआड माधवरावांना पुन्हा लातूर गाठायचे होते. ओळखीच्या कारागिरांची दुकाने सणामुळे बंद होती. त्या गाडीचे नवे बॅरल माझ्या कपाटात होते, पण मला वाकता येत नव्हते. बालाजीने बाह्या सरसावल्या. "तुमी सांगा, मी बसवतो."

"तू हात लावायचा नाहीस," मी म्हणालो, आणि महानंदाबाईंकडे वळलो. तुम्ही स्वतः बसवाल का, असे विचारले.

त्यांनी गाडीकडे पाहिले. "मी शिलाईची मशीन पुरी खोलून परत जोडते," त्या म्हणाल्या. "हे त्येच्याहून अवघड हाय का?"

मी म्हटले, अवघड नाही. फक्त हे काम रागावून होत नाही, तेव्हा रागावणे तेवढे माझ्याकडे सोडा.

मी दाराशी स्टूल टाकून ताठ बसलो आणि त्या आसनावर आडव्या होऊन काम करू लागल्या. प्रथम बॅटरीची काळी तार सोडवली, कारण स्विचपाशी हात असताना वीज वाहती ठेवू नये. मग स्टेअरिंगखालचे प्लॅस्टिकचे झाकण, खालच्या बाजूचे स्क्रू काढून उतरवले. गाडी जुनी होती, स्टेअरिंगमध्ये हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, नव्हती आणि चावीत चिपही नव्हती, म्हणूनच मी हे घरी करू दिले. ज्यांच्या गाडीत ती पिशवी आहे त्यांनी कृपा करून तिथे हात घालू नये.

त्यानंतर चिमट्याने त्यांनी अडसराच्या खाचेतून काडी काढली. अर्धीच निघाली, गुलाकडची. उरलेली अर्धी वाटेतच कुठेतरी झिजून पडून गेली होती. त्यांनी ती तळहातावर ठेवून थोडा वेळ पाहिली. मग हात खिडकीबाहेर काढून दिरापुढे धरला. "घ्या, भाऊजी." बालाजीने ती घेतली आणि नंतर बराच वेळ तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

नवे बॅरल बसवताना त्याची चावी थोडी फिरवून, कुलपावर कोरलेल्या दुसऱ्या खुणेवर ठेवावी लागते. त्याच स्थितीत शेपटी आतल्या खाचेशी जुळते आणि बाजूची लहान खुंटी दाबता येते. महानंदाबाईंनी खुंटी दाबली, बॅरल सरकवले, आणि ते अर्ध्यात अडले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडले. त्यांच्या कपाळावर घाम आला. दवाखान्यातून फोन आला की पेशंटला न्यायची वेळ होत आली आहे. बालाजी परत आला होता, न राहवून म्हणाला, "जरा हातोडीनं ठोका की वैनी, बसंल."

मी काही बोलण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "भाऊजी, ठोकून झालंय तुमचं."

मी सांगितले, बॅरल बाहेर घ्या, आत कापड फिरवा आणि काय निघते ते पाहा. त्यांनी एका काटकीला चिंधी गुंडाळून, पेट्रोलमध्ये बुडवून, बॅरल बसते त्या पोकळीच्या आतून फिरवली. चिंधी लाल होऊन आली. दुसरी लाल आली, तिसरी गुलाबी, आणि पुढची स्वच्छ. आदल्या दिवशीची सगळी पूजा त्या चिंध्यांवर होती. मग बॅरल आपल्या भाराने आत गेले आणि खुंटी टिक असा आवाज करून बाहेर आली. बोटांना कळतो असा तो आवाज आहे. त्या गालातल्या गालात हसल्या ते मला काळ्या चष्म्यातूनही दिसले.

झाकण लावण्यापूर्वी परीक्षा घ्यायची असते. चावी काढून स्टेअरिंग फिरवले, ते अडले. अडसर पुढे आला. चावी लावून फिरवले, ते सुटले. डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. बॅटरी जोडून गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. मी त्यांना मोकळ्या मैदानात सावकाश फेऱ्या मारायला लावल्या. एकदाही कटकन वाजले नाही. मगच झाकण लागले.

त्यांच्यासोबत मी दवाखान्यापर्यंत गेलो. माधवराव हाताला कापूस धरून, भिंतीच्या आधाराने बाहेर आले. रंग मातीसारखा, पण डोळे जागे. बालाजी पुढे होऊन चालकाचे दार उघडत म्हणाला, "दादा, वैनी दमल्या. मीच चालवतो आता."

माधवरावांनी बायकोच्या हातांकडे पाहिले. ते कोपरापर्यंत तेल आणि कुंकवाने माखले होते. त्यांनी विचारले, "कोणी केलं?"

"मी केलं," त्या म्हणाल्या. "गुरुजींनी सांगितलं."

माधवराव हळूहळू चालत आले, पुढच्या आसनावर बसले आणि पट्टा लावून घेतला. मग मागे न पाहता म्हणाले, "बाल्या, मागं बस."

बालाजी मागे बसला. गाडी उदगीरच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी फोन आला की घरी पोचलो. एका दिवसाआड पुन्हा फोन आला, की दवाखान्यात पोचलो. तो शब्द मी आजही आठवड्यातून तीनदा ऐकतो. महानंदाबाई दर खेपेला न चुकता कळवतात, आणि मी ऐकल्यावर संध्येला बसतो.

राग मात्र गेला नाही. देवळात सांगून लोक ऐकत नाहीत हे कळल्यावर मी निराळा मार्ग धरला. दुकान आता कायमचे बंद आहे. परंतु खंडेनवमीला मी गाड्यांच्या अड्ड्यावर सोवळे नेसून बसतो आणि पूजा स्वतः सांगतो. दक्षिणा घेत नाही. माझी अट एकच असते. आधी चावी छिद्रात घाला, छिद्र झाका, मग माझ्यापुढे उभे राहा. ज्याची चावी खिशात आहे त्याच्यासाठी मी मंत्र म्हणत नाही. काही जण रुसून जातात. एकजण मला पाखंडी म्हणाला. त्याला मी हात जोडले आणि त्याची चावी त्याच्या खिशात असेपर्यंत मौन धरले. शेवटी त्याने चावी लावली. गंध मी स्वतः चाकावर, दिव्यांवर आणि चालवणाऱ्याच्या कपाळावर लावतो, आणि पेढा त्याच्या तोंडात घालतो. घास भरवायचा तो माणसाला.

वाचकहो, तो सर्वसाक्षी परमेश्वर आपल्या घराचे उंबरे अखंड राखो. आपल्या घरातील सुवासिनींच्या हातांना यश येवो, वडीलधाऱ्यांना आरोग्य लाभो, लेकरांना विवेक लाभो. सकाळी आपल्या दारातून जितकी माणसे बाहेर पडतील तितकीच दिवेलागणीला परत येवोत, आणि एकही ताट वाढून वाट पाहत न राहो. शुभं भवतु.